बालमजुरी का टिकून राहते आणि ती कशामुळे कमी होते

२०२४ साली जगात ५ ते १७ वर्षांची सुमारे १३ कोटी ८० लाख मुलं बालमजुरी करत होती, असा आंतरराष्ट्रीय कामगार संघटना आणि युनिसेफ यांचा अंदाज आहे. त्यांतली ५ कोटी ४० लाख मुलं जिवाला किंवा आरोग्याला थेट धोका असलेल्या कामात होती. २००० साली एकूण आकडा २४ कोटी ६० लाख होता. मधल्या काळात जगातली मुलांची संख्या वाढूनही बालमजुरी जवळजवळ निम्म्यावर आली, ही घट मोठीच म्हणायला हवी. पण ती सरळ रेषेत झाली नाही. २०१६ ते २०२० या काळात आकडा १५ कोटी २० लाखांवरून १६ कोटींवर चढला होता. संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकास उद्दिष्टांत २०२५ पर्यंत बालमजुरी पूर्ण संपवायचं ठरलं होतं. ती मुदत हुकली.

जे कमी झालं ते कशामुळे, आणि उरलेलं इतकं चिवट का, हे समजून घ्यायचं तर आधी ही मुलं कुठे काम करतात ते पाहावं लागतं. कारखान्यावर छापा पडतो, मुलांची सुटका होते, ही बातमी आपण वाचतो. पण एकूण बालमजुरीत कारखाने, खाणी आणि बांधकाम मिळून वाटा साधारण १३ टक्के आहे. घरकाम, बाजारातली विक्री, खानावळी अशा सेवांत २७ टक्के. उरलेली साधारण ६१ टक्के मुलं शेती, गुरं राखणं, मासेमारी आणि जंगलातल्या कामात आहेत. जगातल्या बालकामगारांपैकी जवळजवळ दोन तृतीयांश, म्हणजे सुमारे ८ कोटी ७० लाख मुलं, सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेत आहेत. आणि २०२० च्या अंदाजानुसार ७० टक्क्यांहून जास्त मुलं स्वतःच्याच कुटुंबाच्या शेतात किंवा धंद्यात राबत होती. तिथे मालक नसतो, मजुरी नसते, हजेरीपट नसतो. कामगार निरीक्षक जाणार कुठे आणि दंड करणार कुणाला? बालमजुरीविरोधी उपायांची निम्मी अडचण या एका गोष्टीत आहे.

प्रत्येक काम बालमजुरी नसतं

शाळेतून आल्यावर आईला हातभार लावणारी, सुट्टीत बापाबरोबर शेतात जाणारी मुलं यात मोजली जात नाहीत. मोजणी तीन गोष्टींवर चालते: वय, तास आणि कामाचं स्वरूप. जागतिक अंदाजांसाठी वापरली जाणारी पट्टी अशी आहे. ५ ते ११ वर्षांच्या मुलाने आठवड्यात एक तास जरी आर्थिक स्वरूपाचं काम केलं तरी ते बालमजुरीत धरतात. १२ ते १४ वर्षांसाठी हलकं काम आठवड्याला १४ तासांच्या आत चालतं, त्यापुढे नाही. १५ ते १७ वर्षांच्या मुलांना काम करता येतं, मात्र ते धोकादायक असता कामा नये आणि आठवड्याचे तास ४३ च्या आत हवेत.

स्वतःच्या घरातलं काम या मुख्य आकड्यात येत नाही, आणि त्यामुळे मुलींचं ओझं झाकलं जातं. साध्या मोजणीत प्रत्येक वयोगटात मुलगे जास्त दिसतात. पण पाणी भरणं, स्वयंपाक, लहान भावंडं सांभाळणं असं घरकाम आठवड्याला २१ तासांपलीकडे गेलं की तेही धरायचं ठरवलं, तर चित्र उलटतं आणि मुली पुढे जातात. दुसऱ्याच्या घरी राहून काम करणाऱ्या मुलींची अवस्था आणखी वाईट असते. दाराआड नेमके किती तास काम चालतं, हे बाहेरच्या कुणालाच दिसत नाही.

धोकादायक काम कशाला म्हणायचं, याची यादी प्रत्येक देशाने मालक आणि कामगार संघटनांशी बोलून करायची असते. त्यामागे शरीरशास्त्र आहे. मूल वजनाच्या मानाने मोठ्या माणसापेक्षा जास्त हवा श्वासात घेतं, म्हणून त्याच खोलीतली धूळ आणि वाफ त्याच्या शरीरात प्रमाणाने जास्त जाते. हाडांच्या टोकांची वाढ चालू असताना रोज जड ओझं उचललं तर पाठीचा कणा आणि सांधे कायमचे बिघडू शकतात. तंबाखूच्या शेतात ओल्या पानांतलं निकोटीन कातडीतून अंगात भिनतं. मग मळमळ, उलट्या, चक्कर, डोकेदुखी सुरू होते आणि मूल लहान असेल तर थोड्या निकोटीननेही त्रास होतो. छोट्या सोनेखाणींत मातीतलं सोनं पाऱ्याने गोळा करतात आणि तो गोळा तापवून पारा उडवतात. ती वाफ वाढत्या मेंदूवर आघात करते. दगडखाणीतली बारीक धूळ फुप्फुसात साचून सिलिकोसिस होतो. त्याची लक्षणं बऱ्याचदा काही वर्षांनी दिसतात, तोवर ते मूल त्या खाणीत राहिलेलंही नसतं. म्हणून अशा कामांसाठी वयाची मर्यादा १८ आहे, आईवडिलांची संमती असली तरी.

गरिबी हे कारण खरं, पण अपुरं

गरीब घरातली सगळी मुलं कामाला जात नाहीत. तेवढ्याच उत्पन्नाच्या दोन कुटुंबांपैकी एकाचं मूल शाळेत असतं आणि दुसऱ्याचं शेतात. हा फरक कुठून येतो?

पहिला फरक अचानक आलेल्या संकटाचा. टांझानियाच्या कागेरा भागातल्या कुटुंबांच्या अभ्यासात दिसलं की पिकाचं नुकसान झालं की मुलांच्या कामाचे तास वाढतात, पण ज्यांच्याकडे विकायला किंवा तारण ठेवायला काही होतं त्यांच्याकडे ते कमी वाढले. कमावत्या माणसाचं आजारपण, दुष्काळ, युद्धामुळे झालेलं स्थलांतर यांचंही तसंच होतं. कर्ज मिळत नाही, विमा नाही, साठवलेलं काही नाही, तेव्हा मुलाचं मनगट हीच कुटुंबाची शेवटची शिल्लक ठरते. शिवाय एक हंगाम शाळा सुटली की मूल परत जातंच असं नाही. वर्ग पुढे गेलेला असतो आणि घराला त्या हातांची सवय झालेली असते.

दुसरं कारण उचल. ठेकेदार हंगामाआधी आगाऊ रक्कम देतो आणि ती कामातून फेडायची असते. मजुरी कामाच्या तासांवर नसून नगावर, म्हणजे जितक्या विटा, जितकी टोपली, तितके पैसे अशी असते. दर इतका कमी ठेवलेला असतो की दोन मोठ्या माणसांना फेड जमत नाही. मग मुलं हाताखाली येतात. कागदावर कामगार दोनच, हिशेब बापाच्या नावावर. मुलाला कामावर ठेवल्याचा पुरावाच तयार होत नाही. म्हणून वीटभट्ट्यांसारख्या धंद्यात किमान वेतन आणि नगाचा दर तपासल्याशिवाय बालमजुरीची तपासणी अर्धवट राहते.

तिसरं कारण शाळा स्वतः. फी माफ असली तरी गणवेश, वह्या, प्रवास आणि परीक्षेचा खर्च उरतो. प्राथमिक शाळा गावात, माध्यमिक कित्येक किलोमीटर लांब, असं असेल तर गळती नेमकी त्या वळणावर होते. शिक्षक येत नाहीत, तीन वर्षांनीही वाचता येत नाही, शिकवण्याची भाषा घरातली नाही, असं असलं तर काम शिकलेलं बरं हा पालकांचा हिशेब चुकीचा म्हणणं कठीण आहे. २०२० च्या अंदाजानुसार बालमजुरी करणाऱ्या ५ ते ११ वर्षांच्या मुलांपैकी २८ टक्के आणि १२ ते १४ वर्षांच्यांपैकी ३५ टक्के मुलं शाळेबाहेर होती. बाकीची शाळा आणि काम दोन्ही ओढत होती. नाव पटावर असणं आणि थकल्याविना वर्गात बसता येणं यांत मोठं अंतर आहे.

मालकाच्या बाजूचं एक समर्थन वर्षानुवर्षं ऐकू येतं: गालिच्याच्या बारीक गाठींना मुलांची नाजूक बोटंच लागतात. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने भारतातल्या गालिचा उद्योगाचा अभ्यास करवून घेतला, तेव्हा बारीक गाठींतही मुलं मोठ्यांपेक्षा सरस नसल्याचं दिसलं. मुलं ठेवली जातात ती स्वस्त असतात, संघटना करत नाहीत आणि उलट बोलत नाहीत म्हणून.

कायदा लागतो, आणि कायद्याला डोळे लागतात

ब्रिटनने १८१९ साली कापूस गिरण्यांत ९ वर्षांखालच्या मुलांना बंदी घातली. पण तपासायला स्वतंत्र माणसंच नेमली नाहीत, त्यामुळे कायदा बहुतेक कागदावर राहिला. १८३३ च्या कायद्यात पगारी निरीक्षक आले. ते अवघे चार होते, तरी कायद्याला पहिल्यांदा धार आली. मग नवा प्रश्न उभा राहिला: मुलाचं वय सिद्ध कसं करायचं? जन्मनोंदणी नव्हती, त्यामुळे वय दिसण्यावरून ठरत होतं. हा प्रश्न आजही सुटलेला नाही. जगात पाच वर्षांखालच्या सुमारे १५ कोटी मुलांच्या जन्माची नोंदच झालेली नाही. ज्या देशात दाखला नाही तिथे किमान वयाचा नियम हवेत लटकतो. त्यामुळे जन्मनोंदणीवरचा खर्च हा बालमजुरीविरोधी खर्चच आहे, असं आम्ही मानतो.

आजच्या आंतरराष्ट्रीय नियमांचा पाया आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या दोन करारांवर आहे. १९७३ चा करार क्रमांक १३८ किमान वय ठरवतो: सर्वसाधारण १५, अर्थव्यवस्था आणि शिक्षणव्यवस्था कमकुवत असलेल्या देशांना सुरुवातीला १४ ची सवलत, हलक्या कामासाठी १३ किंवा १२, धोकादायक कामासाठी १८. किमान वय सक्तीच्या शिक्षणाच्या वयापेक्षा कमी नसावं, ही त्यातली फार उपयोगी अट आहे. पण उलट बाजूची फटही टाळायला हवी. शिक्षण १२ व्या वर्षी संपतं आणि काम १५ व्या वर्षी सुरू करता येतं, असं राहिलं तर ती तीन वर्षं मूल बेकायदा कामातच घालवतं. १९९९ चा करार क्रमांक १८२ सर्वांत वाईट प्रकारांवर आहे: गुलामी, तस्करी, वेठबिगारी, सक्तीची सैन्यभरती, लैंगिक शोषण, अमली पदार्थांच्या धंद्यासारख्या गुन्ह्यांत वापर, आणि धोकादायक काम. हे प्रकार टप्प्याटप्प्याने कमी करायचे नसून ताबडतोब बंद करायचे, असं तो सांगतो. ४ ऑगस्ट २०२० रोजी टोंगाने त्याला मान्यता दिली आणि संघटनेच्या सर्व सदस्य देशांनी स्वीकारलेला तो पहिला करार ठरला.

उलट दिशेचा प्रयोगही झाला आहे. बोलिव्हियाने २०१४ साली काही अटींवर १० वर्षांपासून स्वतःचं काम करण्याची मुभा दिली होती. काम होतच आहे तर ते नोंदीत आणून मुलांना संरक्षण द्यावं, असा त्यामागचा युक्तिवाद होता. २०१८ मध्ये ती मुभा मागे घेतली गेली.

नुसती बंदी घातली तर काय होतं

१९९२ मध्ये अमेरिकेच्या संसदेत मुलांनी बनवलेल्या मालाच्या आयातीवर बंदी आणणारं विधेयक आलं. ते मंजूर झालंच नाही. पण त्याच्या नुसत्या धास्तीने बांगलादेशातल्या कपडे कारखान्यांनी मुलांना काढून टाकलं. त्यांची संख्या ५० हजारांच्या आसपास सांगितली जाते. ती मुलं शाळेत गेली नाहीत. युनिसेफ आणि इतर संस्थांनी शोध घेतला तेव्हा अनेक जण खडी फोडणं, रस्त्यावर विक्री आणि देहविक्रय अशा जास्त धोक्याच्या, कमी पैशांच्या कामात सापडले.

त्यातून १९९५ चा समझोता निघाला. कारखानदारांची संघटना, आंतरराष्ट्रीय कामगार संघटना आणि युनिसेफ यांनी ठरवलं की शाळेत जागा तयार होईपर्यंत १४ वर्षांखालच्या मुलाला काढायचं नाही, नवं मूल घ्यायचं नाही, शाळेत गेलेल्या मुलाला महिना ३०० टका द्यायचे आणि कारखान्यांवर अचानक तपासणी ठेवायची. आठ हजारांहून जास्त मुलं शाळेत आली. पण समझोता होईपर्यंत मधल्या काळात बाहेर पडलेली बहुतेक मुलं नजरेआड गेली होती. क्रम चुकला की त्याची किंमत मुलं मोजतात.

भारताच्या १९८६ च्या कायद्यावर अर्थशास्त्रज्ञांनी केलेल्या एका अभ्यासातही असाच अनपेक्षित परिणाम दिसला. मूल ठेवणं मालकाला जोखमीचं झालं, म्हणून मुलांची मजुरी घसरली. घराची गरज मात्र तेवढीच राहिली, तेव्हा अत्यंत गरीब घरांत मुलांचं काम कमी न होता वाढलं. यावरून कायदा नको असा निष्कर्ष निघत नाही. दंडाच्या जोडीला घराच्या उत्पन्नाची सोय नसेल तर दंडाचा भार मुलावर पडतो, एवढं मात्र यातून स्पष्ट होतं.

पैसा कसा द्यायचा, हे महत्त्वाचं

मेक्सिकोने १९९७ साली गरीब कुटुंबांतल्या आयांच्या हाती रोख रक्कम द्यायला सुरुवात केली. अट होती मुलांची शाळेतली हजेरी ८५ टक्के असण्याची. रक्कम वरच्या इयत्तांना जास्त, आणि माध्यमिकमध्ये मुलींना मुलग्यांपेक्षा जास्त होती, कारण गळती तिथेच होत होती. ब्राझीलमध्येही अशा योजना वाढल्या आणि २००३ मध्ये बोल्सा फमिलियात एकत्र आल्या. इक्वाडोरच्या योजनेचा अनुभव आम्हाला विशेष बोलका वाटतो. तिथली रक्कम मूल मजुरीतून कमावू शकेल त्यापेक्षा खूपच कमी होती, तरी मुलांचं पगारी काम घटलं. घराच्या उत्पन्नातली भोकं नियमितपणे बुजली की पालक मुलाला शाळेतून काढत नाहीत, मजुरीची पूर्ण भरपाई मिळाली नाही तरी चालतं.

व्हिएतनाममध्ये १९९० च्या दशकात तांदळाच्या निर्यातीवरची बंधनं सैल झाली, भाव वाढले आणि भात पिकवणाऱ्या घरांतल्या मुलांचं काम कमी झालं. ब्राझीलच्या कॉफी भागात मात्र भाव चढले तेव्हा मुलं शाळेतून काढून मळ्यात नेली गेली. दोन्हीकडे उत्पन्न वाढलं होतं. पण वाढ टिकणार आहे असं दिसलं तर घर मुलांवर खर्च करतं, आणि ती एका हंगामाची वाटली तर मिळतील तेवढे हात कामाला लावतं.

इथेच अनेक चांगल्या हेतूच्या योजना फसतात. फिलिपाइन्समध्ये बालमजुरी असलेल्या कुटुंबांना छोट्या धंद्यासाठी साहित्य दिलं गेलं. धंदे सुरू झाले, खाणंपिणं काहीसं सुधारलं, पण ते धंदे चालवायला घरातलीच मुलं लागली आणि काम करणाऱ्या मुलांची संख्या वाढली. शेळी, यंत्र किंवा दुकान दिलं की ते राखणारा कुणीतरी लागतो. बाईला बाहेर रोजगार मिळाला आणि पाळणाघर नसलं तर थोरली मुलगी घरी बसते. म्हणून साधन देणाऱ्या प्रत्येक योजनेत सुरुवातीलाच विचारायला हवं: हे काम दिवसाकाठी किती तासांचं आहे आणि घरातलं कोण करणार?

मालाच्या साखळीतून दबाव

गालिच्यांवर मुलांच्या श्रमाविना बनल्याची खूण लावण्याची पद्धत १९९४ मध्ये सुरू झाली. तिच्यामागे कैलाश सत्यार्थी आणि इतर कार्यकर्ते होते. सत्यार्थींना २०१४ मध्ये मलाला युसूफझाई यांच्याबरोबर शांततेचं नोबेल मिळालं. पाकिस्तानातल्या सियालकोटमध्ये १९९७ च्या करारानंतर फुटबॉल शिवण्याचं काम घराघरांतून नोंदणीकृत केंद्रांत आणलं गेलं, कारण घरात तपासणी अशक्य होती. त्याने मुलं कमी झाली, पण ज्या बायकांना घराबाहेर जाऊन काम करणं शक्य नव्हतं त्यांची कमाईही गेली.

कोकोचा अनुभव कडू आहे. चॉकलेट उद्योगाने २००१ मध्ये वाईट प्रकारांची बालमजुरी संपवण्याचं वचन दिलं आणि पुढे मुदती हुकत गेल्या. २०१८-१९ च्या हंगामात आयव्हरी कोस्ट आणि घाना इथल्या कोको भागात सुमारे १५ लाख ६० हजार मुलं कोकोच्या कामात आढळली. लाखो छोटे शेतकरी, मधले व्यापारी आणि मिसळून जाणारा माल, अशा साखळीत वरून नुसती तपासणी पोहोचत नाही. तिथे गावातल्याच प्रशिक्षित माणसाने घरोघरी जाऊन मुलांची नोंद करणं, कामाबद्दल विचारणं, मदत जोडणं आणि पुन्हा भेट देणं ही पद्धत जास्त उपयोगी ठरते आहे. एका भेटीत मूल बोलत नाही. शिवाय सापडलेलं मूल म्हणजे शेतकऱ्याचा माल बाद, असा नियम केला की सगळे लपवतात.

उझबेकिस्तानात गोष्ट वेगळी होती. तिथे कापूस वेचायला सरकारच विद्यार्थ्यांना शेतात पाठवत असे. शेकडो कपडे कंपन्यांनी तो कापूस नाकारला, देशातल्या कार्यकर्त्यांनी जोखीम पत्करून नोंदी ठेवल्या, राज्यकर्ते बदलले, आणि २०२२ मध्ये बहिष्कार उठला. सक्ती करणारा एकच असेल तर बहिष्कार चालतो. लाखो गरीब घरांवर तोच उपाय केला तर घरंच उपाशी राहतात. शिवाय निर्यातीच्या मालाशी, थेट किंवा कच्च्या मालाच्या रूपाने, जोडलेली बालमजुरी जगाच्या वेगवेगळ्या भागांत ९ ते २६ टक्केच आहे. उरलेल्या मुलांपर्यंत परदेशी ग्राहकाचा दबाव पोहोचतच नाही.

मूल सापडल्यावर

कारखान्यात, शेतात किंवा घरकामात मूल आढळलं तर पहिल्या दिवशी धोक्याचं काम थांबवायचं. तस्करी किंवा कोंडून ठेवल्याचा संशय असेल तर बालसंरक्षण यंत्रणा आणि पोलिसांना कळवायचं. मालकाला आधी इशारा दिला तर मूल रातोरात हलवलं जातं. वय दाखला, शाळेची नोंद, लसीकरणाचं कार्ड यांवरून तपासायचं. नुसत्या हाडांच्या एक्स-रेवर विसंबायचं नाही, कारण त्यात एक-दोन वर्षांचा फरक सहज पडतो. थकलेली मजुरी वसूल करून द्यायची. घरातल्या मोठ्या माणसाला त्याच जागी काम मिळतं का ते पाहायचं. मूल बराच काळ शाळेबाहेर असेल तर थेट वयाच्या वर्गात बसवल्यास ते महिनाभरात बाहेर पडतं, म्हणून आधी जोडवर्ग, म्हणजे राहिलेला अभ्यास भरून काढणारा वर्ग, लागतो. पुढच्या हंगामाच्या सुरुवातीला घरी भेट नक्की द्यायची, कारण परत कामाला जाण्याचा दबाव तेव्हाच सर्वाधिक असतो.

१५ ते १७ वर्षांच्या मुलाला मात्र कामावरून काढायची घाई करू नये. त्याचं वय कामाला पात्र आहे, बेकायदा आहे ती धोक्याची बाब. रात्रपाळी बंद केली, रसायनापासून आणि उघड्या यंत्रापासून दूर केलं, तास कमी केले आणि शिकाऊ म्हणून रीतसर नोंद केली, तर तेच काम कायदेशीर होऊ शकतं आणि त्याची कमाईही तुटत नाही.